आपलीच चाल, आपलीच चोरी

१९८८ सालच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल कोर्टात एक साक्षीदार गिटार घेऊन साक्षीला बसला. समोर ज्युरी. साक्षीदाराचं नाव जॉन फोगर्टी, वय ४३, धंदा गाणी लिहिणं आणि गाणं. आरोप गाणं चोरल्याचा. आणि ज्या गाण्याची चोरी झाली म्हणून दावा लागला होता, ते गाणंही त्यानंच लिहिलेलं. 'आपलीच मोरी आणि...' ही आपल्याकडची म्हण पुरी करायची गरज नाही, पण या खटल्याला तिच्याइतकं चपखल शीर्षक मला अजून सुचलेलं नाही.

हा खटला बहुतेक ठिकाणी एक गमतीदार किस्सा म्हणून सांगितला जातो: 'स्वतःचंच गाणं चोरल्याबद्दल गायकावर खटला, हाहाहा.' मी दोन्ही गाणी पुन्हा पुन्हा ऐकली, निकाल वाचले, आणि मला तो तितका गमतीदार वाटेनासा झाला. एक तर वादी पक्षाचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. दुसरं म्हणजे खरा प्रश्न गाण्याचा नव्हता, बाजाचा होता. गाणं विकता येतं. गाण्याचा बाजही त्याच्याबरोबर विकला जातो का?

पाणथळीचा आवाज

फोगर्टी मूळचा कॅलिफोर्नियाचा, १९४५ साली बर्कलीत जन्मलेला आणि शेजारच्या एल सेरिटोत वाढलेला. थोरला भाऊ टॉम आणि शाळेतले दोन मित्र, स्टू कुक आणि डग क्लिफर्ड, एवढ्यांचा बँड. बरीच वर्षं वेगवेगळ्या नावांनी धडपड केल्यावर १९६७-६८ च्या सुमारास त्यांनी 'क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल' हे लांबलचक नाव घेतलं. मग जे घडलं त्याला तोड नाही. १९६९ या एका वर्षात तीन अल्बम. १९७० मध्ये आणखी दोन. पाच सिंगल्स अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली आणि एकही पहिल्यावर पोचलं नाही, हा विक्रमही त्यांच्याच नावावर.

आजूबाजूला सॅन फ्रान्सिस्कोतले बँड वीस-वीस मिनिटांचे सायकेडेलिक आलाप घेत होते, तेव्हा ही मंडळी तीन मिनिटांत गाणं संपवत. आणि आवाज कुठला? तर लुइझियानाच्या पाणथळ प्रदेशातला, जिथं नद्यांचे फाटे दलदलीत मुरतात. फोगर्टीनं गाण्यांतून उभा केलेला हा मुलूख त्याच्या जन्मभूमीपासून जवळपास तीन हजार किलोमीटरवर. 'ग्रीन रिव्हर' या गाण्यातली नदी दक्षिणेतली नाही, लहानपणी सुट्टीत घरचे जिथं नेत ती कॅलिफोर्नियाच्याच विंटर्स गावाजवळची पुटा क्रीक. आणि तिचं गाण्यातलं नाव सोड्यात घालायच्या हिरव्या सरबताच्या बाटलीवरून उचललेलं.

या आवाजाला 'स्वॅम्प रॉक' म्हणतात. त्याचे घटक मोजके आहेत. गाणं एकाच कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या एकाच जुळणीवर, बराच वेळ ठिय्या देऊन बसतं, तंबोऱ्यासारखं. खालून ड्रम आणि बास सरळ, हट्टी चालीनं चालत राहतात. गिटारचा आवाज ट्रेमोलोनं थरथरतो. वर एक खरखरीत, ओरडणारा गळा. सूर पाच-सहाच, आणि त्यातला गंधार ना धड शुद्ध ना धड कोमल, मधेच कुठेतरी लोंबकळणारा. ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं, ऐकणाऱ्याला हा गंधार लगेच ओळखू येतो. पेटीवर तो वाजत नाही, दोन पट्ट्यांच्या फटीत राहतो. फोगर्टी एक गिटार मुद्दाम एक पूर्ण सूर खाली लावून ठेवत असे, म्हणजे तारा थोड्या ढिल्या होऊन आवाज जास्त जड येतो.

यातलं काहीच त्यानं शोधून काढलेलं नाही. एका कॉर्डवर खिळून राहण्याची ही रीत हाउलिन वुल्फकडे आहे, बो डिडलीकडे आहे. थरथरती गिटार स्टेपल सिंगर्सच्या पॉप्स स्टेपल्सकडे आहे. मिसिसिपीत जन्मलेल्या आणि शिकागोत येऊन गाणाऱ्या कृष्णवर्णीय कलावंतांची ही कमाई. त्यांना तिचे पैसे कितपत मिळाले हा वेगळा आणि जास्त लाजिरवाणा विषय आहे. बो डिडली म्हातारा होईपर्यंत त्याबद्दल जाहीर तक्रार करत राहिला. हा धागा इथं सोडतो, पण पुढं 'कुणाचा बाज' असा प्रश्न येईल तेव्हा तो लक्षात असू द्या.

करार

फँटसी रेकॉर्ड्स ही बर्कलीकडची छोटी जॅझ कंपनी. १९६७ मध्ये सॉल झेंट्झ आणि त्याच्या भागीदारांनी ती विकत घेतली. क्रीडन्सचा करार त्याच सुमाराचा. करारान्वये रेकॉर्डिंगं कंपनीची, गाण्यांच्या शब्दांचे आणि चालींचे प्रकाशनहक्क कंपनीचे, आणि वर अनेक वर्षं ठरावीक संख्येनं गाणी पुरवण्याची बांधिलकी. विशीतली मुलं, वकिलाचा पत्ता नाही, सही केली. असे करार त्या काळात सर्रास होत, आपल्याकडेही होत आले आहेत.

क्रीडन्सच्या पैशावर फँटसी मोठी झाली. बर्कलीतल्या तिच्या नव्या इमारतीला लोक 'क्रीडन्सनं बांधलेलं घर' म्हणत. झेंट्झनं पुढं सिनेमात पैसा घातला आणि त्याची पारख नजरेत भरणारी होती: निर्माता म्हणून त्याच्या तीन चित्रपटांना सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. इकडे बँडच्या कमाईचा मोठा हिस्सा कर वाचवण्यासाठी बहामातल्या कॅसल बँकेत ठेवलेला होता. ती बँक १९७७ मध्ये बुडाली.

टॉम १९७१ मध्ये बाहेर पडला, बँड १९७२ मध्ये मोडला. फोगर्टीवरची बांधिलकी मात्र मोडली नाही. तिच्यातून सुटण्यासाठी सत्तरच्या दशकाच्या मध्यावर त्यानं क्रीडन्सच्या रेकॉर्डिंगांवरची आपली कलावंत म्हणून मिळणारी रॉयल्टी सोडून दिली. म्हणजे 'प्राउड मेरी'ची रेकॉर्ड जगात कुठंही खपली, तरी ती गाणाऱ्या आणि वाजवणाऱ्या फोगर्टीला तिच्यातून काही मिळायचं नाही. १९७५ मध्ये एक अल्बम आला, त्यापुढचा त्याच्या नव्या कंपनीला पसंत पडला नाही आणि कपाटात गेला. मग जवळजवळ दहा वर्षं शांतता. जुनी गाणी तो मंचावरही गाईना. ती गायली की प्रकाशनहक्काचे पैसे झेंट्झच्या तिजोरीत जाणार, म्हणून.

या हट्टाबद्दल माझं मत संमिश्र आहे. राग समजतो. पण आपल्या उत्तम पंचवीस-तीस गाण्यांवर स्वतःच बहिष्कार टाकून त्यानं झेंट्झचं नेमकं काय बिघडवलं, हे मला कळलेलं नाही. रेकॉर्डी खपतच होत्या.

जानेवारी १९८५ मध्ये वॉर्नर ब्रदर्सकडून 'सेंटरफील्ड' आला. सगळी वाद्यं फोगर्टीनं एकट्यानं वाजवलेली. मार्चमध्ये हा अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. त्याच महिन्यात झेंट्झच्या 'अमाडेउस'ला ऑस्कर मिळालं. प्रतिभा कुणाची आणि मालकी कुणाची यावरून एक माणूस जळून जळून मरतो, असा तो चित्रपट. पटकथेत कुणी असा योगायोग घातला असता तर आपण त्याला हसलो असतो.

अल्बममध्ये दोन गाणी झेंट्झला उद्देशून होती. एकाचं नाव 'मिस्टर ग्रीड'. दुसरं 'झँझ कान्ट डान्स', ज्यात नाचता न येणारं पण खिसा कापण्यात तरबेज असं एक डुक्कर होतं. झेंट्झनं अब्रुनुकसानीचा दावा लावला, मागणी १४ कोटी डॉलरहून अधिक. नाव बदलून 'व्हँझ' करण्यात आलं, डुक्कर तेच राहिलं. हे सांगायचं कारण असं की पुढच्या खटल्यात झेंट्झचा हेतू काय होता याचा अंदाज बांधताना हे डुक्कर विसरून चालत नाही. आणि पहिला दगड कुणी भिरकावला हेही.

दोन गाणी

जुलै १९८५ मध्ये फँटसीनं दुसरा दावा दाखल केला, तो कॉपीराइटचा. अल्बमचं गाजलेलं गाणं 'द ओल्ड मॅन डाऊन द रोड' हे १९७० च्या 'रन थ्रू द जंगल'वर नवे शब्द बसवून केलेलं आहे, एवढंच म्हणणं. 'रन थ्रू द जंगल'चे हक्क फँटसीचे.

आता ऐकून बघू.

'रन थ्रू द जंगल' सुरू होतं ते विचित्र आवाजांनी. गिटार आणि पियानो उलटे वाजवून तयार केलेला तो रानाचा भास आहे. मग ड्रमचा एकसुरी ठोका आणि त्यावर फोगर्टीचा गळा. गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच कॉर्डवर. मधे हार्मोनिका, तीही त्याचीच. व्हिएतनाममध्ये लढणाऱ्या सैनिकांनी हे गाणं आपलं मानलं, आणि अजूनही लोकांना ते त्या युद्धावरचंच वाटतं. फोगर्टीच्या मनात मात्र अमेरिकेत घराघरात पोचलेल्या बंदुका होत्या.

'ओल्ड मॅन' सुरू होतं थेट गिटारच्या एका तुकड्यानं, रिफनं. हा रिफच त्या गाण्याचा कणा आहे. पहिल्या गाण्यात असा कणा नाही. तिथं सगळी भिस्त ठोक्यावर आणि वातावरणावर. दुसऱ्या गाण्यातला म्हातारा जादूटोणा करणारा, रस्त्याच्या टोकाशी उभा राहणारा. विषय वेगळा, पण भीती तीच: अंधारात कुणीतरी मागं लागलंय.

आणि चाल? इथं मला कबूल करावं लागतं. कडव्यांत गळा वरून सुरू होऊन ज्या रीतीनं खाली उतरतो, त्या मधल्या गंधाराला टेकून षड्जावर आपटतो, ते दोन्हीकडे फार सारखं आहे. पहिल्यांदा लागोपाठ ऐकली तेव्हा मला वाटलं, झेंट्झचं चुकलं नाही. चौथ्या-पाचव्या वेळी वाटायला लागलं, की सारखं आहे ते उतरण्याचं वळण, आणि ते वळण 'ग्रीन रिव्हर'मध्येही आहे, हाउलिन वुल्फमध्येही आहे.

हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्या माणसाला हा पेच समजायला अमेरिकेतल्या ज्युरीपेक्षा सोपा जावा. एकाच रागात, एकाच तालात बांधलेल्या दोन बंदिशी ऐकल्या, तर मुखडा आणि सम सोडून बाकीचं चलन एकमेकींत मिसळणारच. रागाचं अंग तेच, घराण्याचा लगाव तोच, गाणाराही तोच. तरी आपण 'या दोन बंदिशी आहेत' असं ठामपणे म्हणतो. कारण राग कुणाच्या मालकीचा नाही आणि बंदिश बांधणाऱ्याचं नाव असतं, ही विभागणी आपल्या कानात मुरलेली आहे. ब्लूजमध्येही ती आहे, फक्त तिला आपल्यासारखी तयार नावं नाहीत. त्यामुळं कोर्टात जाऊन 'हा राग आहे हो, बंदिश नाही' हे फोगर्टीला गिटारवर वाजवून दाखवावं लागलं.

कोर्टात

कॉपीराइटच्या खटल्यात वादीला सहसा दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: प्रतिवादीला मूळ कृती ठाऊक होती, आणि दोन्हींत भरीव साम्य आहे. इथं पहिला मुद्दा निकालात निघालेलाच. लिहिणाऱ्याला ठाऊक नसेल तर कुणाला?

'मी माझंच गाणं कसं चोरीन?' हा बचाव ऐकायला बिनतोड वाटतो, पण कायद्यात तो टिकत नाही. हक्क विकला की विकणारा त्रयस्थ होतो. घर विकलं की जुन्या किल्लीनं आत शिरता येत नाही, मग घर तुम्ही स्वतः बांधलेलं असलं तरी. अमेरिकेत याचं जुनं उदाहरण १९१४ चं आहे. रोक्लिट्झ नावाच्या छायाचित्रकारानं एका मॉडेलचं चित्र काढून त्याचे सगळे हक्क विकले. दोनेक वर्षांनी तीच मॉडेल, तीच बैठक, फक्त चेहऱ्यावर हसू आणि दातांत चेरीचं देठ. कोर्टानं त्याला नक्कल ठरवलं. उलट टोकाचं उदाहरण १९७८ चं. पक्ष्यांची चित्रं काढणाऱ्या एका चित्रकारानं सफरचंदाच्या मोहोरावर बसलेल्या कार्डिनल पक्ष्यांचं चित्र विकलं आणि नंतर दुसऱ्या कंपनीसाठी पुन्हा कार्डिनल काढले. कोर्ट म्हणालं, पक्षी तेच, हातही तोच, मग साम्य असणारच. त्यानं काय आता कार्डिनल काढणं सोडायचं? चित्रकार सुटला.

फोगर्टी या दोन निकालांच्या मधल्या पट्ट्यात उभा होता. दातातली चेरी की मोहोरावरचे पक्षी?

त्याच्या साक्षीबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे. तो गिटार घेऊन बसला आणि आपण गाणं कसं जुळवतो हे ज्युरीला वाजवून दाखवत गेला. जुन्या गाण्यांचे तुकडे, दोन्ही वादग्रस्त गाणी, त्यामागचे ब्लूजवाले. एका अर्ध्या सुरावरून वादीच्या वकिलानं फारच धरलं, तेव्हा तो म्हणाला, हो, वापरला मी तो अर्धा सूर, मग काय लस टोचून घेऊ? उत्तर हजरजबाबी आहेच, पण त्यात बचावाचं सगळं सारही आलं आहे. गळ्याला लागलेलं वळण हा आजार नाही. जित्याची खोड असते ती, आणि कलावंताच्या बाबतीत त्या खोडीलाच आपण शैली म्हणतो.

खटला चालू असतानाच्या काळातली एक रात्र इथं सांगायलाच हवी. फेब्रुवारी १९८७, लॉस एंजेलिसमधला पॅलोमिनो क्लब. ताज महाल हा ब्लूज गायक तिथं गात होता. प्रेक्षकांतून उठून मंचावर गेले बॉब डिलन, जॉर्ज हॅरिसन आणि जॉन फोगर्टी. हॅरिसनला १९७६ मध्ये कोर्टानं 'माय स्वीट लॉर्ड' या गाण्यासाठी दुसऱ्याची चाल नकळत उचलल्याबद्दल दोषी धरलं होतं. म्हणजे एका मंचावर, दुसऱ्याची चाल अजाणता चोरणारा एक आणि स्वतःची चाल जाणूनबुजून चोरल्याचा आरोप असलेला दुसरा. डिलननं फोगर्टीला 'प्राउड मेरी' गायचा आग्रह धरला. नाही गायलास तर लोक ते टीना टर्नरचंच गाणं समजतील, असं त्याचं म्हणणं. फोगर्टी गायला. त्याच वर्षी ४ जुलैला व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांसाठीच्या कार्यक्रमात त्यानं क्रीडन्सची गाणी पुन्हा जाहीरपणे म्हटली. कोर्टाचा निकाल त्यानंतर वर्षभराहून अधिक काळानं लागला. त्याच्या गळ्यावरचं कुलूप मात्र त्याआधीच निघालं होतं, आणि ते काढलं डिलनच्या एका टोमण्यानं.

नोव्हेंबर १९८८ मध्ये ज्युरीनं फोगर्टीच्या बाजूनं कौल दिला. 'ओल्ड मॅन' ही नक्कल नाही.

जिंकून हरणं

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये असं म्हणतात, पण दुसऱ्यानं चढायला लावली तर शहाण्यानं काय करावं हे म्हण सांगत नाही. फोगर्टी जिंकला तेव्हा वकिलांचं बिल दहा लाख डॉलरच्या पुढं गेलं होतं. ते त्यानं फँटसीकडे मागितलं. कोर्टानं नकार दिला. नववं सर्किट हे तिथलं अपील न्यायालय, त्यानंही १९९३ मध्ये नकारच दिला.

इथं प्रकरणाला वेगळं वळण लागतं, आणि माझ्या मते ते गिटारवाल्या साक्षीपेक्षा महत्त्वाचं आहे. अमेरिकेच्या १९७६ च्या कॉपीराइट कायद्याचं ५०५ वं कलम सांगतं, की जिंकणाऱ्या पक्षाला वकिलांची वाजवी फी देववण्याची कोर्टाला मुभा आहे. 'जिंकणारा पक्ष' एवढेच शब्द. तो वादी की प्रतिवादी, काही म्हटलेलं नाही. पण नवव्या सर्किटसह काही न्यायालयांनी व्यवहारात दोन मापं केली होती. हक्कदार जिंकला तर फी जवळजवळ ठरलेली. प्रतिवादी जिंकला तर त्यानं आधी सिद्ध करायचं, की दावा निव्वळ फालतू होता किंवा दुष्ट हेतूनं लावला होता. फँटसीचा दावा फालतू नव्हता. वर मी कबूल केलंच आहे, पहिल्या ऐकण्यात मलाही तो पटला होता. म्हणून फोगर्टीला फी नाही.

१ मार्च १९९४ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं हे दुहेरी माप मोडीत काढलं. नऊच्या नऊ न्यायाधीश निकालाशी सहमत होते. निकालपत्र सरन्यायाधीश रेन्क्विस्ट यांनी लिहिलं. त्यांचा युक्तिवाद साधा होता. कॉपीराइट हक्कदारांचे खिसे भरण्यासाठी नाही, लोकांपर्यंत नवं काही पोचावं म्हणून आहे. मग या हक्काची हद्द जितकी स्पष्ट होईल तितकं बरं, आणि हद्द दावा लावणाऱ्यामुळं जशी स्पष्ट होते तशीच दाव्याविरुद्ध आपला बचाव चिवटपणे लढवणाऱ्यामुळंही होते. फोगर्टी लढला म्हणून 'ओल्ड मॅन' लोकांच्या कानी पडत राहिलं आणि त्यातून उद्या आणखी काही नवं निघू शकेल, असंही त्यांनी लिहिलं. फोगर्टीची पूर्ण मागणी मात्र त्यांनी मानली नाही. हरणाऱ्यानं आपोआप फी भरायची, ही इंग्लंडची रीत त्याला हवी होती. न्यायालय म्हणालं, आपोआप काही नाही, पण तराजू दोघांना एकच.

प्रकरण परत खाली आलं. खालच्या कोर्टानं आता फी मंजूर केली: १३ लाख ४७ हजार ५१९ डॉलर आणि वर १५ सेंट. १९९६ मध्ये नवव्या सर्किटनं ती कायम केली. त्या निकालात स्वॅम्प रॉक हा शब्द आहे. फोगर्टी काही तांत्रिक पळवाट काढून सुटला नाही, गुणावर जिंकला, आणि त्यामुळं या शैलीत गाणी रचण्याचा कलावंतांचा हक्क शाबूत राहिला, अशा आशयाचं न्यायाधीशांनी नोंदवलं. हाउलिन वुल्फला जाऊन तेव्हा २० वर्षं झाली होती. त्याच्या गळ्यातली वळणं कुणा एकाच्या मालकीची नाहीत यावर न्यायालयाचं शिक्कामोर्तब झालं, तेही एल सेरिटोच्या एका गोऱ्या मुलाच्या बिलाच्या निमित्तानं.

२०१६ मध्ये पाठ्यपुस्तकं आयात करून विकणाऱ्या एका थाई विद्यार्थ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय पुन्हा याच प्रश्नाकडे आलं आणि फोगर्टी निकालाच्याच आधारानं पुढं गेलं. अमेरिकेत कॉपीराइट शिकणाऱ्या पोरांना 'फोगर्टी' म्हटलं की कलम ५०५ आठवतं, 'प्राउड मेरी' नाही.

आपल्याकडे बघायचं तर भारतीय कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात एक मजेशीर तरतूद आहे. चित्रकारानं किंवा शिल्पकारानं कृतीचा हक्क विकला असला, तरी त्यासाठी स्वतः केलेले साचे, रेखाटनं, अभ्यासचित्रं तो पुन्हा वापरू शकतो, फक्त मूळ कृतीची मुख्य रचना पुन्हा करायची नाही. म्हणजे फोगर्टीचा पेच आपल्या कायदा करणाऱ्यांना सुचला होता, पण चित्रकारापुरता. संगीतकारासाठी अशी सवलत लिहिलेली नाही. २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांना वेगळं संरक्षण दिलं: चित्रपटगृहातलं प्रदर्शन सोडून गाण्याचा जो काही वापर होईल, त्यातल्या रॉयल्टीचा निम्मा वाटा त्यांना करारानंही सोडून देता येत नाही. सुटकेसाठी रॉयल्टीवर पाणी सोडायचं, हा फोगर्टीसारखा सौदा चित्रपटाच्या गाण्यापुरता आता आपल्याकडे कागदावर तरी करता येणार नाही.

फी मिळाली तरी सगळं फिटलं नाही. टॉम १९९० मध्ये वारला. तो अखेरपर्यंत झेंट्झच्या बाजूचा होता, आणि भावाभावांतला तो सल तसाच राहिला. जानेवारी १९९३ मध्ये क्रीडन्सला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, तेव्हा फोगर्टीनं कुक आणि क्लिफर्डसोबत वाजवायला नकार दिला आणि ब्रूस स्प्रिंगस्टीन, रॉबी रॉबर्टसन यांच्याबरोबर गायला. उरलेले दोघे समारंभात असूनही मंचाबाहेर. या प्रसंगात मला फोगर्टी आवडत नाही. कोर्टात ज्या चिवटपणाचं कौतुक वाटतं, तोच इथं कडवट लागतो.

२००४ मध्ये कॉनकॉर्ड या कंपनीनं फँटसी विकत घेतली आणि फोगर्टीची सोडून दिलेली रॉयल्टी त्याला पुन्हा सुरू करून दिली. जानेवारी २०२३ मध्ये, सत्याहत्तराव्या वर्षी, त्यानं क्रीडन्सच्या गाण्यांच्या प्रकाशनहक्कांतला मोठा वाटा विकत घेतला. अमेरिकन कायद्यात जुन्या गाण्यांचा हक्क ५६ वर्षांनी लेखकाला परत मागता येतो. १९६८-७० च्या गाण्यांची ती मुदत जवळच आली होती, त्यामुळं विकणाऱ्यालाही सौदा परवडला असावा. झेंट्झ २०१४ मध्येच गेला होता.

मग २०२५ मध्ये, ऐंशी वर्षांच्या फोगर्टीनं क्रीडन्सची २० गाणी मुलांना साथीला घेऊन नव्यानं ध्वनिमुद्रित केली. जुन्या रेकॉर्डिंगांचे मालक अजूनही दुसरे, म्हणून ही नवी, प्रत्येकापुढं 'जॉनची आवृत्ती' असं लिहिलेली. मी एक जुनं आणि एक नवं लागोपाठ लावून ऐकलं. गळा वयानं जड झालाय, बाकी ठोका तोच, थरथर तीच, तो मधला गंधारही जागच्या जागी. या खेपेला साम्य असणं हाच मुद्दा होता, आणि तो सूर सुराला लावून बघत बसला होता, कुठे वेगळं तर होत नाही ना.